थंडीनं फुटलेलं इंजिन

रविवार, रात्र

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसलोय. आज दुपारी बोट पहिल्यांदा कृष्णेत सोडली, हरिपूरच्या घाटाजवळ, संगमाच्या जरा अलीकडं. मंडळाची पोरं, गल्लीतल्या बायका, बारकी पोरं सगळी काठावर जमलेली, नारळ फोडला, इंजिन एका सेल्फला चालू झालं आणि शिट्ट्याच शिट्ट्या. दहाएक मिनिटं मस्त चाललं. मग माझं मन राहीना म्हणून बंद करून डिपस्टिक ओढली तर ऑइल मघाच्या खुणेपेक्षा बोटभर वर चढलेलं आणि रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा. ऑइलमध्ये पाणी. आठ वर्षं गाड्यांच्या गॅरेजात काढल्यात मी, ते बघितल्या बघितल्या पोटात खड्डा पडला. वल्ही मारत काठाला आणली आणि पोरांना फक्त "जरा काम निघालंय" एवढंच सांगितलं.

ही बोट हौसेनं घेतलेली नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45, तेव्हा आम्ही आईला घेऊन तीन दिवस गच्चीवर होतो, खाली जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला पुरातनं माणसं काढणारी बोट उलटल्याची बातमी फोनवर आली आणि आई म्हणाली, मी आता बोटीत बसणार नाही, इथंच राहते. तिला समजवायला एक अख्खा दिवस गेला. 2021 ला परत तेच, परत पाणी. तेव्हापासून डोक्यात होतं की गावाची स्वतःची बोट पाहिजे, धड चालणारी, जिला बघून आईसारखं माणूस न घाबरता पाय टाकेल. अकरा जणांनी पैसे काढले, कुणी ऊसबिलातनं, कुणी भिशीतनं.

आणि घेतली मी. बघायला मीच गेलो होतो पनवेलकडं, सोबत मंडळातले दोघं, पण इंजिनातलं कळणारा एकटा मीच. सतरा फुटी फायबरची बोट, आत बसवलेलं चार सिलिंडरचं 3 लिटर पेट्रोल इंजिन, अमेरिकन बनावटीचं, पाठीमागं त्याचा ड्राइव्ह, म्हणजे पाण्यातला पंखा फिरवणारा भाग. विकणाऱ्यानं सांगितलं काश्मीरमधनं आणलीय, तिथं टुरिस्टला फिरवायची. इंजिन चालू करून दाखव म्हणालो तर ट्रेलरवरच अर्धा मिनिट चालवलं आणि बंद केलं, म्हणाला पाण्याशिवाय जास्त चालवलं की पंपातला रबरी इंपेलर जळतो. हे खरंच आहे, जळतो, म्हणून मी पुढं काही बोललो नाही. ऑइल बघितलं, मधासारखं स्वच्छ, कारण आदल्या दिवशी नवीन टाकलेलं. ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या बिडाच्या मुख्य सांगाड्याला, ताजा काळा रंग होता, तो बघून मला बरं वाटलं, निगा राखलीय म्हणून. आता कळतंय की बाकी सगळं इंजिन मळलेलं असताना ब्लॉकच्या एकाच बाजूला ताजा रंग का मारतात हे मी तिथंच विचारायला पाहिजे होतं.

बुधवार

कालचा दिवस मॅनिफोल्ड खोलण्यात गेला, मिरजेचे मिस्त्री येऊन बसले होते दिवसभर, वयानं मोठे आहेत पण शब्द दिला की येतात. मॅनिफोल्ड निघाला आणि खाली ब्लॉकच्या बाजूला, गोल प्लगांच्या जरा खालनं, वीतभर लांब रेघ. मिस्त्रींनी पत्रीनं रंग खरवडला तर आतनं एम-सील निघालं. कुणीतरी चीर बुजवून वरनं रंग मारून ठेवला होता. मिस्त्री बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "हे तापून नाही फुटलं भावा, हे गारठून फुटलंय."

गारठून इंजिन फुटतं हे मला पुस्तकात माहीत होतं, हाताखालनं कधी गेलं नव्हतं. आपल्याकडं थंडी म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठलं की पेपरात फोटो येतो तेवढीच. गाडीच्या रेडिएटरमध्ये कूलंट असतं ते बंद चक्रात फिरतं, त्यात गोठू नये म्हणून ग्लायकोल असतंच. पण असल्या बऱ्याच बोटींची तऱ्हा वेगळी, त्या तळ्यातलंच पाणी पंपानं आत ओढतात, ब्लॉकमधनं फिरवतात आणि एक्झॉस्टबरोबर बाहेर टाकतात. इंजिन बंद केलं तरी ब्लॉकच्या पोकळ्यांत पाणी राहतं. ते हिवाळ्याच्या आधी ब्लॉकचे आणि मॅनिफोल्डचे ड्रेन प्लग काढून सांडावं लागतं, आणि प्लग काढून पण गाळानं भोक तुंबलेलं असलं तर तार घालून मोकळं करावं लागतं. श्रीनगरला 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे सगळ्यात कडक थंडी, 2021 च्या जानेवारीत तर पारा उणे 8.4 ला गेला होता, दल लेक वरनं गोठलेलं. पाण्याचं बर्फ होताना ते साधारण 9 टक्के फुगतं आणि त्याला जायला जागा नसली की बीड मागं सरत नाही, तडकतं. लोखंडी पत्रा वाकला असता, बिडाला वाकणं माहीतच नाही. एका रात्रीचं काम. कुणीतरी एका डिसेंबरात दहा मिनिटं वाचवली असणार आणि त्याचं ओझं इथं हरिपुरात आमच्या अकरा घरांवर आलं.

आज ब्लॉक पिकअपमध्ये टाकून कोल्हापूरला उद्यमनगरात नेला. तिथं एका शॉपमध्ये ब्लॉकची सगळी तोंडं प्लेटा आणि रबर लावून बंद केली, 15 पौंड हवा भरली आणि साबणाचं पाणी मारलं. बाहेरच्या चिरेतनं फेस आला, तो येणारच होता. मग त्यांनी आत, व्हॉल्व्ह उचलणारे लिफ्टर बसतात त्या ऑइलच्या कप्प्यात पाणी मारलं आणि तिथं पण बारीक बारीक बुडबुडे. म्हणजे ऑइलमध्ये पाणी जातंय ते तिथनं. माझ्या मनात अजून एक आशा होती की प्लग बाहेर ढकलला गेला असेल आणि ब्लॉक वाचला असेल, कारण त्या गोल प्लगला सगळे फ्रीज प्लग म्हणतात, पाणी गोठलं की तेच आधी उडतात असा समज. तिथले एक म्हातारे मोल्डर होते, आयुष्य फाउंड्रीत गेलेलं, ते म्हणाले, "ती भोकं गारठ्यासाठी नसत्यात बाळा. ओतताना आत वाळूचा कोअर बसवतोय न्हवं, तो धरायला आणि नंतर ती वाळू काढायला ठेवलेली असत्यात. प्लग उडाला तर नशीब, नाहीतर न्हाई." किती वर्षं मी ते प्लग बदललेत आणि ते तिथं का आहेत हे मला आज कळलं.

वेल्डिंग होईल म्हणाले. अख्खा ब्लॉक भट्टीत तापवायचा, निकेलच्या रॉडनं भरायचा, मग राखेत पुरून हळूहळू गार करायचा, घाई केली की शेजारीच नवीन चीर. दुसरा उपाय चिरेवर ओळीनं भोकं पाडून आटे काढायचे आणि एकात एक अडकतील असे पिन बसवत जायचं, त्यात तापवणं नाही. बाहेरची चीर ते शंभर टक्के बंद करून देतो म्हणाले. आतली? तिथं हातच नीट पोचत नाही. "करतो, पण गॅरंटी मागू नका." त्यांनी खरं सांगितलं याचं मला बरं वाटलं.

विकणाऱ्याला फोन केला. घेताना बघून घ्यायचं होतं म्हणाला आणि ठेवला.

शनिवार

घरी आण्णांना सगळं सांगितलं. त्यांची उमेदीची वर्षं हळदीच्या धंद्यात गेली, हरिपुरात आमची दोन पेवं होती, हळद साठवायची जमिनीतली खोल तळघरं, 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि संपलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पेव उघडल्यावर आम्ही आधी कंदील सोडायचो खाली. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही, कितीबी घाई असू दे. व्यापारी डोक्यावर उभा असला तरी. तू कंदील न सोडताच उतरलास." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. चौघापाच जणांचं म्हणणं, वेल्डिंग करून घ्या, पुराला वर्षातनं चार दिवस तर चालवायचीय, ऑइल बदलत राहू. मला त्यांचं पटत नाही असं नाही, पैसे सगळ्यांचे गेलेत आणि प्रत्येकाच्या घरी मला तोंड दाखवायचंय. पण मी नाही म्हणालो आणि शेवटपर्यंत नाहीच म्हणालो. नुसतं फिरायला हे इंजिन दोन वर्षं सुद्धा चालेल. पुरात मात्र कृष्णा आणि वारणा दोन्हींचं पाणी एकमेकाला ढकलत असतं, बोटीत दहा माणसं, त्यात एखादी बाळंतीण, आणि ऑइलमध्ये पाणी जाऊन बेअरिंग धरलं की इंजिन जागेवर बसणार. इंजिन बसलं की बोट प्रवाहाला आडवी होते, आणि आडवी झालेली बोट बुडालेल्या झाडात नाहीतर विजेच्या तारांत जाते. तिथं वल्ह्याचं काही चालत नाही. मी म्हणालो, माझी आई या इंजिनावर बसवणार नाही, मग तुमची कशी बसवू. त्यानंतर कुणी बोललं नाही.

असं ठरलं की बोट ठेवायची, इंजिन काढायचं. बोटीचा सांगाडा चांगला आहे, मागची फळी मी परत हातोडीनं टिपून टिपून बघितली, कुठं भद आवाज नाही, म्हणजे आतलं लाकूड कुजलेलं नाही. ड्राइव्हचं भलंमोठं भोक आहे ते प्लायवुड आणि फायबरनं बुजवायचं आणि मागं ओबीएम, म्हणजे बोटीच्या बाहेर टांगायचं इंजिन, लावायचं, बचाववाल्यांच्या बोटीला असतं तसं 40 एचपीचं. त्याचं बरं असं की इंजिन उभं केलं की आतलं पाणी आपोआप निथळतं आणि बिघडलं तर चार बोल्ट काढून दुसरं लावता येतं. फळीची उंची मोजलीय, वीस इंच, म्हणजे लाँग शाफ्ट, लांब दांड्याचं, लागणार. मेरीटाइम बोर्डाचे कागद नव्या इंजिनावर करावे लागतील. ड्राइव्ह, स्टार्टर, कार्बोरेटर विकून काही पैसे येतील, उरलेल्यात माझा वाटा मी जास्त घालणार, ते मंडळाला न विचारताच ठरवलंय. आणि ओबीएम नवीन मिळो नाहीतर जुनं, यावेळी पाण्यात पाऊण तास चालवल्याशिवाय, कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय आणि गिअरचं ऑइल काढून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही. आणि ते मागचे हिवाळे कुठं होतं हे पहिलं विचारणार.

ब्लॉक अजून उद्यमनगरातच आहे. म्हाताऱ्या मोल्डरनं विचारलंय, पोरांना शिकवायला कापून दाखवू का. हो म्हणालो.

उद्या सकाळी सातला मिरजेहून फायबरवाला येतोय. बोट घाटावरनं ओढायला ट्रॅक्टर सांगून ठेवलाय, आण्णा पण येतो म्हणालेत. पाऊस धरायला दीड महिना आहे.