लीड्सची 'बुस', लंडनची 'बस'

उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स शहरात राहायला आल्यावर पहिल्यांदा कान अडखळतो तो प्रवासात. इथे बसला 'बुस' म्हणतात, कपाला 'कुप'. ड्रायव्हर तिकीट देताना 'थँक्स, लुव्ह' म्हणतो. आपण बातम्यांमधलं लंडनी इंग्रजी प्रमाण धरून आलेलो असतो, त्यामुळे ही मंडळी उच्चार बिघडवतात असं वाटतं.

खरं तर उलट आहे. 'कप', 'कट' अशा शब्दांत पूर्वी सगळीकडे 'उ'च होता. सतराव्या शतकात दक्षिणेकडे तो 'अ'कडे सरकला. उत्तरेत हा बदल रुजलाच नाही. 'बाथ'चंही तेच. दक्षिणेतला लांब 'आ' नंतरचा, इथला आखूड स्वर आधीचा. मला हे कळलं तेव्हा शेजारच्या आजींचं बोलणं वेगळ्याच आदराने ऐकू लागलो.

'र'ची गोष्ट तर फारच सुंदर. इंग्लंडच्या बहुतेक भागांत 'कार'मधला शेवटचा 'र' गळतो, 'का' एवढंच उरतं. 1791 सालच्या आपल्या उच्चारकोशात जॉन वॉकर यांनी लंडनकरांचा 'र' किती क्षीण झालाय हे नोंदवलं होतं. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेच्या बऱ्याच भागांत मात्र तो ठणठणीत आहे. म्हणजे आपण मराठी माणसं तो 'र' स्पष्ट म्हणतो, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. गंमत पुढे आहे: जिथे 'र' गळला, तिथेच तो नको तिथे उगवतो. ऑफिसात 'लॉ अँड ऑर्डर' हे सर्रास 'लॉरंड ऑर्डर' असं ऐकू येतं. आयरिश सहकारी 'फिल्म'ला 'फिलम' म्हणतो, तेव्हा तर अगदी घरच्यासारखं वाटतं!

या बोलींची मोठी पाहणी लीड्स विद्यापीठातूनच झाली. बोलींचे अभ्यासक हॅरल्ड ऑर्टन यांच्या पुढाकाराने 1950 ते 1961 या काळात कार्यकर्ते इंग्लंडमधल्या 313 ठिकाणी फिरले. बहुतेक खेडीच, आणि माहिती देणारे मुख्यतः वयस्कर लोक. प्रश्न 1,300 हून अधिक, पण विचारण्याची पद्धत मला विशेष आवडते. हवा असलेला शब्द विचारणाऱ्याने स्वतः उच्चारायचा नाही; वस्तू दाखवायची, नाहीतर वर्णन करायचं आणि 'याला तुम्ही काय म्हणता?' असं विचारून थांबायचं. आपला उच्चार समोरच्याच्या तोंडी जाऊ नये, म्हणून एवढी काळजी.