साडेतीन रुपये शेकडा

इंदूरच्या सियागंजात एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या पेढीवर मी गेली एकवीस वर्षे हिशेब लिहितो. रोजमेळात रुपयाचा फरक राहिला, तर तो सापडेपर्यंत घरी न जाणारा माणूस अशी माझी तिथे ओळख आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण 2018 ते 2021 या काळात माझे स्वतःचे एकूण देणे किती, असे मला कोणी विचारले असते, तर उत्तर देता आले नसते. बँकेच्या हप्त्याची तारीख ठाऊक होती, कार्डाची किमान रक्कम ठाऊक होती, किराणावाल्याची वही कोणत्या पानावर आहे तेही ठाऊक होते. बेरीज मात्र मी कधी केली नव्हती. आज घरावर कोणाचे देणे नाही. ते कसे फिटले हे एकदा लिहून ठेवा, असे बायको बरेच दिवस म्हणत होती, म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवात फेब्रुवारी 2018 मध्ये धाकट्या बहिणीच्या लग्नाने झाली. तिने काही मागितले नव्हते. शंभर पाने जास्त उठली ती आमच्या हौसेने. पंधरा टक्के व्याजाने, पाच वर्षांच्या मुदतीने, चार लाखांचे वैयक्तिक कर्ज घेतले आणि 9,516 रुपयांचा हप्ता बसला. त्यासोबत हप्त्यांचा तक्ता मिळाला होता. पहिल्या हप्त्यातले 5,000 रुपये व्याजात आणि 4,516 मुद्दलात जाणार, आणि पाच वर्षांत एकूण 5,70,960 रुपये भरायचे, हे त्या तक्त्यात स्पष्ट छापलेले होते. दुसऱ्यांची खतावणी करणाऱ्या मी तो कागद घडी घालून कपाटात ठेवला. हप्ता पगारात बसतो की नाही एवढेच पाहिले होते आणि तो बसत होता.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली. माझ्याजवळ होते ते पुरेना, तेव्हा थोरल्या मामांनी न मागता 60,000 रुपये हातउसने दिले. तरीही कमी पडले, म्हणून आईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या तिच्या आईच्या, म्हणजे मामांच्याही आईच्या. सराफ्यातल्या एका दुकानात त्या गहाण ठेवून 70,000 रुपये आणले. इथे सगळे त्याला गिरवी म्हणतात. व्याज दोन रुपये शेकडा, म्हणजे दर महिना दोन टक्के. मामांना हे सांगायचे नाही, असे आईने बजावले होते.

मग 2020 साल आले. टाळेबंदीत पेढी दोन महिने बंद राहिली, पगार काही काळ अर्ध्यावर आला, मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी मोबाइल घ्यावा लागला आणि घरखर्च हळूहळू क्रेडिट कार्डावर सरकला. रिझर्व्ह बँकेने मार्चमध्ये हप्ते पुढे ढकलण्याची सवलत जाहीर केली आणि नंतर ती 31 ऑगस्टपर्यंत वाढवली. मी सहाही महिने ती घेतली. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही, हे बातम्यांमध्ये सांगत होते. मला मात्र त्यातला ‘थांबतो’ एवढाच शब्द ऐकू आला. फेब्रुवारीअखेर माझे मुद्दल 2,74,500 च्या घरात होते आणि 36 हप्ते उरले होते. सप्टेंबरमध्ये पाहिले तर मुद्दल 2,95,700 झालेले आणि हप्ते 40. सहा महिन्यांच्या त्या उसंतीची किंमत सुमारे चौतीस हजार रुपये पडली. केंद्र सरकारने व्याजावरच्या व्याजाची भरपाई नोव्हेंबरमध्ये खात्यात जमा केली, ती साडेसहाशे रुपयांच्या आसपास होती. पुष्कळांना वाटले की सहा महिन्यांचे व्याजच माफ झाले. माफ झाला होता तो चक्रवाढ आणि सरळ व्याज यांतला फरक तेवढा. ज्यांच्या घरी खरोखरच चूल थंडावली होती त्यांना ती सवलत घेणे भागच होते. मी निम्मे महिने तरी हप्ता भरू शकलो असतो, ही माझी चूक.

डोळे उघडले ते एका बोलण्यामुळे. जानेवारी 2021 मध्ये एका दुपारी पेढीवर काम कमी होते आणि मी कार्डाचे बिल पुढ्यात घेऊन बसलो होतो. शेठजींनी सहज विचारले, हे लोक व्याज किती घेतात. मी म्हणालो, महिन्याला साडेतीन टक्के. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “साढ़े तीन रुपया सैकड़ा? मुनीमजी, इतने में तो सियागंज में कोई पैसा उठाता नहीं।”

बाजारात उधारीचा भाव असाच बोलला जातो. दीड रुपया शेकडा म्हटले की वर्षाचे अठरा टक्के, हे इथल्या हमालालाही कळते. रोज कानांवर पडणाऱ्या त्या मापात मी कार्डाचे व्याज कधी मोजलेच नव्हते. बिलावर ‘किमान देय रक्कम’ असा सौम्य शब्द असतो. थकबाकीच्या पाच टक्के भरले की महिनाभर कोणी काही विचारत नाही. त्या दुपारी पाटीपेन्सिलीचा हिशेब केला. थकबाकी 80,000, साडेतीन रुपयांनी महिन्याचे व्याज 2,800, त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी 504, एकूण 3,304. मी नेमाने भरत होतो ते 4,000. म्हणजे दर महिन्याला चार हजार देऊन मुद्दल 696 रुपयांनी घटत होते आणि त्याहून जास्त किराणा मी त्याच कार्डावर भरत होतो. शिवाय पूर्ण बिल चुकते केले नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते आणि खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. सराफ्यातल्या गिरवीला मी मनात सावकारी म्हणत होतो. खरा महाग सावकार पाकिटात होता.

त्याच रात्री मुलीची एक कोरी वही घेतली, बायकोला आणि आईला समोर बसवले आणि सगळे लिहून काढले. बँकेचे 2,72,000. कार्डाचे 80,000. मोबाइलच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांचे 18,000. पाटल्यांवरचे 70,000 आणि वीस महिन्यांचे न भरलेले व्याज 28,000. मामांचे 60,000. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचे 11,400. बेरीज 5,39,400. बायकोला कार्डाचा आकडा ठाऊक नव्हता, मला किराणावाल्याचा नेमका आकडा ठाऊक नव्हता, आणि पाटल्यांवर व्याज साचत आहे याची आईला कल्पना नव्हती. तिची समजूत अशी की वस्तू ठेवली आहे म्हणजे ती नुसती ठेवलेलीच आहे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आम्हा तिघांनाही पाठ होती. अंथरूण किती लांब आहे ते एकत्र बसून पाहण्याचा प्रसंग मात्र प्रथमच येत होता. बेरीज ऐकून आई फक्त एवढेच म्हणाली, “मला वाटले होते याहून जास्त असेल.” तीन वर्षे आम्ही तिघे तीन वेगवेगळ्या आकड्यांना घाबरत होतो, हे मला त्या वाक्याने कळले.

आता फेडायचे कोणाचे आधी? हिशेबाचा नियम सरळ आहे: ज्याचे व्याज सर्वांत जास्त त्याचे आधी. त्यानुसार कार्ड पहिले. पण बायको म्हणाली, “अहो, त्या दुकानासमोरून दिवसातून चार वेळा मी जाते, तुम्ही नाही.” म्हणून व्याज शून्य असूनही किराणावाल्याचे 11,400 पहिल्या दोन महिन्यांत दिले. माझ्यातल्या हिशेबनीसाला ते पटले नव्हते. आता वाटते, ते बरोबर होते, कारण त्यानंतर ती वाणसामान रोखीने आणू लागली आणि महिन्याचा किराणा दोन हजारांनी आपोआप कमी झाला. वहीत लिहून आणताना वस्तूचा भाव कोणी विचारत नाही.

कार्डासाठी मात्र दुसराच उपाय होता आणि तो वर्षभर घरातच पडून होता. आईच्या नावावर 60,000 रुपयांची मुदत ठेव होती. तिच्यावर सव्वापाच टक्क्यांच्या आसपास वर्षाचे व्याज मिळत होते आणि इकडे आम्ही कार्डाला बेचाळीस टक्के देत होतो. ठेव मोडू या म्हटल्यावर आई म्हणाली, “ती अडीअडचणीसाठी आहे रे.” मी वही तिच्यापुढे सरकवली. ती बराच वेळ ती पाहत राहिली आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत बँकेत आली. मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजात थोडी कपात झाली, ती कार्डाच्या आठवड्याच्या व्याजाइतकीही नसेल. ठेवीचे साठ हजार कार्डाला भरले, आणि कार्डाचे उरलेले वीस हजार आणि त्यांवरचे व्याज मे महिन्यापर्यंत फेडले.

कार्ड बंद करणे हे फेडण्याइतकेच चिवट काम निघाले. प्रत्येक फोनवर कोणीतरी मर्यादा वाढवून देण्याची गोष्ट काढी. शेवटी लेखी अर्ज दिला, तेव्हा ते बंद झाले. जुलै 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की थकबाकी नसेल तर अर्ज मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे, नाहीतर दर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. माझ्या वेळी तो नव्हता. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांविषयी एवढेच सांगतो की त्यातही व्याज असते, दुकानदार ते सवलत म्हणून आधी वळते करून देतो, व्याजावरचा जीएसटी मात्र आपल्याच माथी येतो, आणि रोखीच्या गिऱ्हाईकाला मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही.

त्यानंतरचे दीड वर्ष पाटल्यांचे. सराफा म्हणजे इंदूरकरांना रात्रीचे खाणे आठवते: दिवसा सोन्याचांदीची दुकाने, ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलेबी. त्या काळात बाहेरगावचा कोणी पाहुणा आला की त्याला हौसेने तिथे न्यावे लागे. मी द्रोण हातात घेऊन त्या बंद शटरकडे पाठ करून उभा राहत असे, आणि आई गुडघ्याचे निमित्त सांगून येण्याचे टाळत असे. दर महिन्याला साडेसहा हजार रुपये बाजूला काढून आधी साचलेले व्याज संपवले, मग मुद्दलाला हात घातला. प्रत्येक वेळी पावती घेतली आणि तीवर उरलेले मुद्दल लिहून मागितले. सराफाला सुरुवातीला ते विचित्र वाटले. मी म्हणालो, मी स्वतः मुनीम आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये दिवाळीच्या बोनसाची भर घालून पाटल्या सोडवल्या. दुकानातच वजन करून पाहिले, ठेवताना पावतीवर लिहिले होते तेवढेच भरले. आईने त्या तिथे हातात घातल्या नाहीत. रुमालात बांधून घरी आणल्या, देवापुढे ठेवल्या आणि मग घातल्या.

बँकेचा हप्ता तेवढा राहिला. डिसेंबर 2022 मध्ये मुद्दल 1,02,000 च्या आसपास होते आणि ते एकदम फेडून मोकळे व्हावे असा मोह झाला, कारण एक जुनी विमा पॉलिसी पूर्ण होऊन पैसे आले होते. हिशेब केला. उरलेल्या वर्षभरात व्याज जाणार सुमारे 8,200. मुदतीआधी फेडल्याबद्दल चार टक्के आकार आणि त्यावर जीएसटी मिळून सुमारे 4,800. माझे कर्ज स्थिर व्याजदराचे होते. बदलत्या दराच्या कर्जाला व्यक्तींकडून असा आकार घेता येत नाही. सुमारे 3,400 रुपये वाचवण्यासाठी हातातली सगळी शिल्लक देऊन टाकायची आणि पुढच्या आजारपणात पुन्हा मामांचे दार ठोठवायचे, यात मला काही हशील दिसेना. व्याजाचा मोठा वाटा पहिल्या निम्म्या मुदतीतच वसूल झालेला असतो. आगाऊ फेडायचे ते तेव्हा. पैसे आईच्या नावाने ठेवीत परत ठेवले आणि हप्ते चालू दिले. शेवटचा हप्ता डिसेंबर 2023 मध्ये गेला. पंधरा दिवसांनी शाखेत जाऊन काही देणे उरले नसल्याचे नादेय प्रमाणपत्र घेतले आणि दोन महिन्यांनी आपल्या कर्जांची आणि कार्डांची नोंद असलेला, वर्षातून एकदा फुकट मिळणारा पतअहवाल काढून पाहिला. त्यात बँकेचे कर्ज ‘बंद’ असे आले होते, पण बंद केलेले कार्ड अजून चालू दाखवले होते. ते दुरुस्त करून घ्यायला आणखी एक महिना गेला.

मामांचे राहिलेच. त्यांच्या पैशांना व्याज नव्हते, मुदत नव्हती, कागद नव्हता, म्हणून हिशेबाच्या नियमाने ते सर्वांत शेवटी यायला हवे होते. पण 2019 नंतर मी त्यांना फोन करणे कमी केले होते. गणपतीत त्यांच्याकडे आरतीला गेलो तरी प्रसाद घेऊन लगेच निघत असे. वही लिहिली त्याच आठवड्यात त्यांना फोन करून म्हणालो, “मामा, एकदम जमणार नाही, दर महिन्याच्या पाच तारखेला दोन हजार पाठवीन.” ते म्हणाले, “पैशांचे ठीक आहे रे, तू फोन करायचा थांबलास ते लागले.” पाटल्यांचेही त्याच फोनवर सांगून टाकले. ते काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “आईच्याच होत्या, ताईच्या कामी आल्या.”

फेब्रुवारी 2021 पासून तीस महिने, पाच तारखेला पैसे पाठवायचे आणि ते पोहोचले का हे विचारायला फोन करायचा, असा क्रम चालला. पैशांचे बोलणे अर्ध्या मिनिटात संपे आणि मग अर्धा तास इकडचे तिकडचे. जुलै 2023 मध्ये शेवटचे दोन हजार गेले. ऑगस्टच्या पाच तारखेला मी पेढीवर होतो, संध्याकाळी मामांचाच फोन आला. “आज पाच तारीख ना?” ते म्हणाले. “मग फोन नाही केलास?”