शिरोडकर

मंगळवार, रात्री उशिरा

तलावपाळीवर मागून कुणीतरी माझ्या माहेरच्या आडनावाने हाक मारली आणि मान आपोआप वळली. गणवेशातली दोन पोरं होती, एकाने दुसऱ्याला मारलेली हाक. एवढंच. तेव्हापासून डोक्यात 'शाळा' सिनेमा चाललाय.

त्यातला जोशी त्याला आवडणाऱ्या वर्गातल्या मुलीला शिरोडकरच म्हणतो, मनातल्या मनातसुद्धा. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग. मुलीला नावाने हाक मारली की वर्गभर बोभाटा. आडनाव कसं, हजेरीपटातलं, निरुपद्रवी. मिलिंद बोकीलांच्या कादंबरीतलं हे सुजय डहाकेने 2012च्या सिनेमात तसंच ठेवलं, फार बरं केलं. लाडाचं नाव आलं असतं तर खेळ खलास.

अशा सिनेमांचं बिघडतं ते बहुतेक नजरेत. मुलगा बघतो, ती दिसते, परत मुलगा. मधला शॉट दोन सेकंद, म्हणजे 48 फ्रेम, ठेवला तर चोरून बघितल्यासारखा वाटतो. सहा सेकंद ताणला की नुसतं टक लावणं. त्यात तिने मान वळवायच्या आतच व्हायोलिन सुरू झालं तर संपलंच, पोराची धडधड आपल्यापर्यंत पोचतच नाही. गणवेशही कोरे करकरीत आणतात. पाच-सहा धुण्यांतून काढावेत, पांढरा शर्ट पातळ चहाच्या पाण्यात बुडवावा, खिशाच्या तळाशी शाईचा डाग हवा, कारण पेनं गळायचीच. आणि शूटिंग लांबवू नये. तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो, मग डबिंगला भलताच बाप्या उभा.

असो, गणवेशाचं पुराण पुरे.

शिरोडकर शेवटी गाव सोडून जाते. जोशीकडे उरतं ते आडनाव, आणि तेच पुढे आठ-दहा वर्षांत बदलणार. मधलं वडिलांचं नाव जाणार. काही घरांत तर पहिलंही, ताटातल्या तांदळात अंगठीने नवं लिहून. ज्या हाकेवर तो तिला ओळखतो, नेमकी तीच पुसली जाणार. जोशी काय, म्हातारा झाला तरी जोशीच. त्याला शोधायचं तर कुणीही शोधेल. तिला कुठल्या नावाने शोधायचं?

आता त्या नावाने हाक मारणारं कोण आहे? बाबा फोनवर मुद्दाम पूर्ण नाव घ्यायचे, आडनावासकट. जाऊ दे.

तसं सगळंच काही पुसलेलं नाही म्हणा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. लग्न झालं म्हणून ती काही बदलत नाही. कागदपत्रांच्या वेळी लग्नाच्या दाखल्यासोबत तीच पुढे करायची, ही बाई आणि ती मुलगी एकच हे खिडकीतल्या माणसाला पटवायला. मघाशी कपाटातून काढली. प्लास्टिकला चिकटून शाई उचलली गेलीय, आडनावाची पहिली दोन अक्षरं गायब. खालचं गणित मात्र ठळक: 150 पैकी 68.