ड्रॉप झाल्यानंतरचं वर्ष

फेब्रुवारीतल्या सायकलच्या रोड रेसच्या निकालात माझ्या नावापुढे डीएनएफ लागलं, म्हणजे रेस पूर्ण केली नाही. त्याआधीच्या रेसमध्येही मी तळालाच होते. घाट लागला की बाकीच्या मुली निघून जायच्या आणि मी एकटी मागे, म्हणजे आमच्या भाषेत ड्रॉप. त्या दिवशी तर मागून येणाऱ्या गाडीत सायकल टाकूनच परत यावं लागलं. जिद्द कमी पडली, असं ज्यानं त्यानं सांगितलं. ते मला आजही पटत नाही. जिद्द होती, पाय चालत नव्हते. ते का चालत नव्हते, हे शोधण्यातच खरा वेळ गेला.

पहिला धागा सायकलवरच्या कॉम्प्युटरनं दिला. संभाजीनगरहून निघून दौलताबादचा किल्ला मागे टाकला की रस्ता जुन्या दिल्ली दरवाजातून जातो आणि पुढे खुलताबादचा चढ लागतो. माझा सरावाचा घाट तोच. आदल्या वर्षी ज्या वेगाला हृदयाचे ठोके मिनिटाला १६५ च्या आसपास असायचे, त्याच वेगाला आता ते १८० च्या वर जात होते. घरी जिना चढतानाही धाप लागायची. मला सायकलिंग शिकवणाऱ्या सरांनी सगळे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाले, "इंटरव्हल, म्हणजे थांबून थांबून जोरात मारायचे टप्पे, बंद. आधी रक्त तपासून घे. हिमोग्लोबिनवर थांबू नकोस, फेरिटिनही कर."

हिमोग्लोबिन १२.१ आलं. तेवढ्यावरूनच एका दवाखान्यात "सगळं ठीक आहे, मनावर घेऊ नका" असं सांगून मला घरी पाठवलं होतं. फेरिटिन मात्र ९ निघालं. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तो रिकामा होत आला तरी हिमोग्लोबिन बरेच दिवस काठावर तग धरून असतं, त्यामुळे साध्या तपासणीत काही दिसत नाही. पाळीत रक्त जातं, घामातून थोडं लोह जातं, आणि लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्या मुलींमध्ये ही कमतरता बरीच आढळते. रिपोर्ट हातात आला तेव्हा मला रडू आलं, पण ते सुटकेचं होतं. दुखण्याला नाव मिळालं होतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक अट घातली: गोळीच्या आगेमागे चहा नाही. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही, लिंबानं मदत होते. आमच्या घरी सकाळ चहाशिवाय उजाडत नाही, तर आई माझ्यासाठी लिंबूपाणी करून ठेवायला लागली. "लेकरू पार वाळून गेलंय," म्हणत ती ताटात बाजरीची भाकरी आणि मेथी जास्तच वाढायची. गोळ्यांनी पोट बिघडायचं, ते सोसलं. लोहाचा साठा भरायला महिने लागतात. तोवर सरांनी फक्त सावकाश चालवायला लावलं, तेही उन्हाच्या आत. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, दहानंतर रस्त्यावर थांबवत नाही. बाकीच्या मुलींच्या सरावाचे आकडे फोनवर दिसायचे आणि जीव वर-खाली व्हायचा. शेवटी मी ते बघणंच सोडलं.

जूनपर्यंत घाटातले ठोके खाली आले. पण एक अडचण रक्ताशी संबंधित नव्हती. मराठवाड्यात रेस करणाऱ्या मुली थोड्या, त्यामुळे माझा सगळा सराव एकटीनं झालेला. रेसमध्ये मी कायम ग्रुपच्या कडेला, वाऱ्यात. पुढच्याच्या मागे नीट बसलं तर वाऱ्याशी झगडण्यातली एक-तृतीयांशपर्यंत ताकद वाचते. बाकीच्या ती वाचवत घाटापर्यंत यायच्या, मी तिथं पोचेपर्यंत रिकामी झालेली असायचे.

पैठण रोडला रविवारी जाणाऱ्या ग्रुपमध्ये मग मी शिरले. सगळे वयानं मोठे, पण वर्षानुवर्षं एकमेकांच्या चाकाला चाक लावून चालवणारे. बिडकीन सोडलं की दोन्ही बाजूंनी मोकळं रान, आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा उजव्या अंगावर आदळतो. अशा वाऱ्यात बरोबर मागे राहून उपयोग नसतो, पुढच्याच्या किंचित डावीकडं सरकावं लागतं. मी बावरून हँडल घट्ट धरायचे. ग्रुपमधले एक काका शेजारी यायचे आणि सांगायचे, "हात ढिले सोड गं. चाकाकडं नको, त्याच्या खांद्याकडं बघ. ब्रेकला तर हातच लावू नको, मागचा आदळंल." ढोरकीनच्या पुढं एकदा माझं चाक पुढच्या चाकाला घासलं, थरथरलं, पण सुटलं. त्यानंतर भीती एकदम ओसरली. असं कसं होतं, ते मला सांगता येणार नाही.

खाणंही बदललं. तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, असा सरांचा आग्रह. सायकल चालवताना खायची महागडी एनर्जी जेल परवडत नाहीत, म्हणून बाटलीत साखर, लिंबू, मीठ आणि खिशात केळी, खजूर. आधी मळमळायचं. मग पोटालाही सराव झाला.

श्रावणातल्या एका शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालेल्या माणसांमधून वाट काढत मी घाट चढले आणि वर पोचल्यावर बोलता येईल एवढा श्वास शिल्लक होता. सरांना तिथूनच फोन केला. डिसेंबरच्या रेसला नाव दे, म्हणाले.

त्या रेसमध्ये मी अकरावी आले. घाटमाथ्यापर्यंत पुढच्या ग्रुपमध्ये होते आणि अटॅक झाला, म्हणजे कुणीतरी एकदम वेग वाढवून निसटायला बघितलं, तेव्हा पहिल्यांदाच त्यामागे जायला पायात काही उरलं होतं. मला पोडियमएवढाच, म्हणजे पहिल्या तिघींत आल्याएवढाच आनंद झाला. मागे पडले ती उतारावर. वळणांवर मी फार लवकर ब्रेक लावते आणि तिथं मिळवलेलं सगळं जातं. फेरिटिन ४० च्या वर गेलंय, पुढची तपासणी मार्चमध्ये आहे. तोवर आठवड्यातून दोनदा म्हैसमाळ चढायचं आणि उतरताना काकांच्या मागे राहून त्यांची लाइन, म्हणजे वळणातली त्यांची वाट, धरायची, असं ठरलंय.