बंजी, चुंबक आणि डनॉलीची लाल माती

आज दिवसभर सोनं शोधत डनॉलीच्या (ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य) रानात. इथल्या मातीत लोह इतकं की साधे मेटल डिटेक्टर नुसते बडबडत सुटतात, म्हणून पल्स इंडक्शनचं मशीन (चुंबकीय ठोके सोडून धातू हुडकणारा, असल्या मातीत कमी बडबडणारा डिटेक्टर). पण ते बॅटरीसकट तीन किलोंच्या घरात. तासाभरात खांदा बोलायला लागतो. जुन्या ट्रेकिंग सॅकच्या पट्ट्याला बंजी (ताणला जाणारा रबरी) दोर बांधून त्याला मशीन लटकवलं. हाताने फक्त झुलवायचं. सुख!

दुसरा जुगाड आणखी स्वस्त: कुदळीच्या पात्याला चिकटवलेलं जोरकस चुंबक. गंजके खिळे, तारेचे तुकडे आपसूक वर येतात. उरलेली माती प्लास्टिकच्या स्कूपमध्ये (धातूचा नको, तोच ओरडतो), कॉइलवरून (डिटेक्टरची खालची चकती) फिरवायची. वाजली की निम्मी हातावर ओतायची, परत फिरवायची, परत निम्मी. सराफांच्या दारची माती धुऊन सोनं काढणाऱ्या आपल्याकडच्या झारेकऱ्यांची चिकाटी लागते. आज शेवटच्या चिमटीत निघाला शिशाचा छर्रा. शिसं चुंबकाला दाद देत नाही आणि वाजतं मात्र सोन्यासारखंच गोड, मेलं!

जवळच मोलियागुलला १८६९ साली ‘वेलकम स्ट्रेंजर’ नावाचा सोन्याचा गोळा सापडला. निव्वळ सोनं सुमारे ७२ किलो, तेही जमिनीखाली जेमतेम इंचभर, आणि डिटेक्टर वगैरे काही नसताना. असो.

माइनर्स राइट (सोनं शोधायचा परवाना) दहा वर्षं चालतो, खड्डे मात्र बुजवायचे. घरून मेसेज आलाय, ‘किती तोळे?’ छर्ऱ्याचा फोटो पाठवलाय. आता छोटी कॉइल घ्यायचा विषय आज काढावा की आठवड्याने, अनुभवी मंडळींनी सांगावं.