सेल नाही, वीज नाही, तरी सेकंद मोजायचे

मुलगी नववीत. आंतरशालेय विज्ञान स्पर्धेत तिला आणि तिच्या मैत्रिणीला विषय मिळाला वेळ मोजणारं यंत्र, घरी बनवलेलं, सेल नको, वीज नको, विकतच्या घड्याळाचा एकही पार्ट नको. परीक्षक दोन शिट्ट्या मारणार, मधे किती वेळ गेला ते सांगायचं, जास्तीत जास्त पाच मिनिटं. मी अंबड एमआयडीसीत फिटर, म्हणजे घरच्यांनी गृहीतच धरलं की आता बाबा बघतील.

आईचं म्हणणं, घटिकापात्र करा, पूर्वी लग्नात तेच असायचं. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी, पाण्यावर सोडली की २४ मिनिटांनी बुडते. तांबट लेनमध्ये वाटी करून मिळालीही असती पण ती घटका भरली एवढंच सांगते, मधलं काही कळत नाही. बाटलीतून पाणी सोडायचं म्हटलं तर लेव्हल उतरते तशी धार मंदावते, मग लेव्हल तीच राहावी म्हणून वरून पाणी ओतत सतत ओव्हरफ्लो ठेवा, पोरींना ती ओलाकिच्च भानगड नको होती. राहिला लंबक.

लंबकात गोळा जड की हलका याने वेळ बदलत नाही, सगळा खेळ लांबीचा. साधारण ९९ सेंटिमीटर ठेवली की जाऊन परत यायला दोन सेकंद. २५ सेंटिमीटरवर एक सेकंदाचा होतो आणि टेबलावर मावतोही, पण तिथे एक मिलिमीटर इकडे तिकडे झाला की पाच मिनिटांत अर्ध्या सेकंदाच्या वर फरक, लांबच्यात त्याच्या पाव. म्हणून लांबच. गोळा म्हणून गवंडी वापरतात तो पितळी ओळंबा, रविवार कारंजावरून आणलेला, जड म्हणजे हवेने लवकर थांबत नाही. दोरा ताणतो म्हणून गिटारची बारीक तार.

खरं काम वरच्या टोकाला. पोरगी म्हणे बाबा, खिळ्याला गाठ मारू ना. अगं गाठ खिळ्याभोवती सरकते, म्हणजे दर झोक्याला लांबी वेगळी! तार दोन लोखंडी पट्ट्यांमधे घालून नटबोल्टने आवळली, पट्ट्यांची खालची कड कानसीने अगदी सरळ केली, आता तार वाकणार ती त्याच रेषेवर. झोकाही छोटाच द्यायचा, ३० अंशांचा दिला तर पाच मिनिटांत पाच सेकंदांचा घोळ होतो, म्हणून मागे पुठ्ठ्यावर खूण केली, ओळंबा तिथूनच सोडायचा.

मग मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पडताळणी. १५० झोक्यांना २९९ आले काय नि ३०१ आले काय, मला चालतं, फक्त दर वेळी तेच आले पाहिजेत, मग तक्ता करून भागतं. पोरींना हे पटायला वेळ लागला, त्यांना बरोब्बर ३०० हवे होते.

स्पर्धेच्या हॉलमध्ये पंखे गरगर चालू. पोरीने न लाजता सरांना सांगून वरचा पंखा बंद करवला, ही मोजतेय, मैत्रीण दर दहाला रेघ मारतेय. शेवटी परीक्षकांनी विचारलं, ओळंब्याचं वजन दुप्पट केलं तर? "टायमिंग तेच राहील सर, थांबायला वेळ लागेल." दुसरा नंबर आला. पहिला ओव्हरफ्लोवाल्या पोरांचा, आणि त्यांचं पाण्याचं काम खरंच चोख होतं.