रेफर करण्याआधी

‘मॅडम, तुम्ही सांगता ते मोठ्या हॉस्पिटलात ठीक आहे. आमच्याकडे ना भूलतज्ज्ञ, ना लहान मुलांचा डॉक्टर. पोर हात मोडून आलं की गाडी बोलवायची आणि रेफर करायचं. त्याच्या दुखण्याचं आम्ही काय करणार?’

खेड्यापाड्यांतल्या छोट्या दवाखान्यांमधल्या नर्सना मी मुलांच्या वेदनेबद्दल शिकवते, आणि हा प्रश्न जाईन तिथे भेटतो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते तुम्हीच करायला हवं. शहर लांब असतं तेव्हा दुखण्याचे सगळ्यात वाईट तास तुमच्या टेबलावर आणि पुढच्या रस्त्यावर जातात. औषधाशिवाय गाडीत बसवलेल्या मुलाची कळ प्रत्येक खड्ड्याला मस्तकात जाते.

हातच मोडलाय असं धरून चालू. आधी फळी लावून हात बांधा. फळी नसेल तर जाड पुठ्ठाही चालतो. हाड हलायचं थांबलं की कळ उतरायला लागते, म्हणून हे बांधणं हाच पहिला उपचार. मग मुलाचं वजन करा, वयावरून अंदाज बांधू नका. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम, आयबुप्रोफेन किलोमागे 10. म्हणजे 20 किलोच्या मुलाला एक 300, दुसरं 200 मिलिग्रॅम. दोन्ही बरोबर दिली तरी चालतात. (तीन महिन्यांच्या आतलं बाळ, उलट्या-जुलाबांनी सुकलेलं मूल किंवा किडनीचा आजार असेल तर आयबुप्रोफेन नको.) ‘एवढ्याशा औषधाने काय होणार?’ असं कुणी म्हटलं की मी कॅनडातला 2014 सालचा अभ्यास सांगते. हातापायाचं हाड साधं मोडलेल्या मुलांपैकी काहींना घरी घ्यायला मॉर्फिन दिलं, काहींना आयबुप्रोफेन. दुखणं दोन्हीकडे जवळपास सारखंच कमी झालं, आणि मॉर्फिन घेणाऱ्यांना इतर त्रास जास्त झाले.

मांडीचं हाड मोडलं किंवा बरंच भाजलं तर एवढ्यावर भागत नाही. अशा वेळी नाकातून फेंटानिल हे मॉर्फिनसारखं तीव्र वेदनाशामक देता येतं, किलोमागे 1.5 मायक्रोग्रॅम, बिनसुईच्या सिरिंजला फवाऱ्याचं टोक लावून. रडणाऱ्या मुलाची शीर शोधत बसावं लागत नाही, हा त्याचा मोठाच फायदा. दहाएक मिनिटांत मूल सैलावतं. श्वासावर नजर हवी, ऑक्सिजन आणि नॅलोक्सोन (फेंटानिलचा परिणाम उतरवणारं औषध) हाताशी हवं. कोडीन हे वेदनाशामक मात्र मुलांसाठी वापरूच नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये मुलांच्या वेदनेच्या औषधांची तीन पायऱ्यांची शिडी दोन पायऱ्यांवर आणली आणि कोडीनची मधली पायरी काढून टाकली. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन इतक्या झपाट्याने होतं की श्वास मंदावतो, तर काहींच्या शरीरात ते जवळजवळ होतच नाही.

फेंटानिल, मॉर्फिन तुमच्यापर्यंत पोचतच नाही, हेही मला माहीत आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2017 मध्ये आकडा मांडला होता: जगात वर्षाला वाटप होणाऱ्या, मॉर्फिनच्या हिशेबात मोजलेल्या 298.5 टन मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांपैकी सगळ्यात गरीब देशांच्या वाट्याला येतं 0.1 टन. हा अन्याय आहे, आणि तो नर्सने एकटीने निस्तरायचा नाही. पण त्याची सबब पुढे करून पॅरासिटामॉलची बाटली कपाटातच राहावी, हे मला पटत नाही.

बाटली कपाटात का राहते? ‘पोट दुखतंय, आत्ता औषध दिलं तर पुढच्या डॉक्टरांना अपेंडिक्स कसं कळणार?’ हे मी सारखं ऐकते. वेदनाशामक दिल्याने निदान चुकत नाही, हे अभ्यासांनी दाखवलंय. उलट शांत झालेल्या मुलाचं पोट नीट तपासता येतं. दुसरं म्हणजे, ‘लहान आहे, विसरून जाईल.’ याच समजुतीपायी 1980 च्या दशकापर्यंत नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया कित्येकदा नाममात्र भुलीवर व्हायच्या. डॉ. के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दाखवून दिलं, की त्या बाळांना दुखतं आणि पुरेशी भूल मिळाली तर ती शस्त्रक्रिया जास्त चांगली सोसतात. विसरण्याचं म्हणाल, तर 1997 मध्ये संशोधक टॅडिओ यांच्या अभ्यासात जन्मानंतर भुलीशिवाय सुंता झालेली मुलं काही महिन्यांनी लसीच्या सुईला इतरांपेक्षा जास्त कळवळताना दिसली.

माझा सगळ्यात जास्त आग्रह मोजण्याचा आहे. बोलता न येणाऱ्या मुलाच्या पाच गोष्टी बघायच्या: चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होतंय का. प्रत्येकीला 0 ते 2 गुण, एकूण 10. कपाळावर आठी, पाय पोटाशी ओढलेले, आईने कडेवर घेतलं तरी हुंदके चालूच, अशा मुलाचे गुण दोन मिनिटांत मांडता येतात. चार-पाच वर्षांपुढचं मूल चेहऱ्यांच्या तक्त्यावर बोट ठेवून स्वतःच सांगतं. आणि गप्प पडलेल्या मुलाला फसू नका. हललं की दुखतं म्हणूनही मूल निपचित पडतं.

लसीकरणाच्या दिवशी तर औषधही लागत नाही. बाळ आईच्या मांडीवर, अंगावर पिताना. सुई टोचल्यावर पिस्टन मागे ओढून बघायचं नाही. दोन लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी. ‘अजिबात दुखणार नाही’ असं मोठ्या मुलाला सांगू नका, पुढच्या वेळी ते तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

आता ‘आम्ही काय करणार’ मागची खरी अडचण. ती बहुतेक वेळा परवानगीची असते. डॉक्टर फोनवर सापडेपर्यंत नर्स थांबते आणि मूल रडत राहतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांकडून एक पानाचा लेखी आदेश सही करून घ्या: किती गुणांना कोणतं औषध, वजनाप्रमाणे किती, कुणाला द्यायचं नाही, फोन कधी करायचाच. तज्ज्ञांशी व्हिडिओवर नियमित बोलायची सोयही मागा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट एकोने हेच केलं. त्यात रुग्णाला शहरात न आणता तज्ज्ञांचं ज्ञान दूरच्या दवाखान्यांपर्यंत नेलं. तिथे सुरुवात हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारापासून झाली, पुढे ही पद्धत वेदनेच्या उपचारासाठीही वापरली गेली.

तो कागद वजनकाट्याच्या वर, भिंतीवर चिकटवा. आणि रेफरच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: आलं तेव्हाचे गुण, औषध आणि डोस, दिल्याची वेळ, गाडीत बसवतानाचे गुण. म्हणजे पुढचा डॉक्टर तोच डोस पुन्हा देणार नाही, आणि पुढचा द्यायला उशीरही करणार नाही.